सूत्र तेच, पदार्थ वेगळा : मिश्र-धातू नॅनोस्फटिकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कृष्णेच्या पात्रातली कोरडी वाळू कागदावर पसरून तिच्यावरून चुंबक फिरवला, की काळे बारीक कण त्याला चिकटून वर येतात. वाईला करून पाहा, कराडच्या प्रीतिसंगमावर करा किंवा सांगलीजवळ हरिपूरला. हे कण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून सुटलेले असतात आणि त्यांतला मोठा वाटा टायटॅनोमॅग्नेटाइट या खनिजाचा असतो. लोह आणि टायटॅनियम हे दोन धातू ऑक्सिजनच्या एकाच जाळीत शेजारी-शेजारी बसले की हे खनिज होते. प्रयोगशाळेत आपण ज्याला मिश्र-धातू ऑक्साइड म्हणतो, त्याचा हा नैसर्गिक नमुना सातारा-सांगलीच्या खडकात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपासून आहे.

या खनिजाने एक मोठी साक्ष दिलेली आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या चुंबकीय कणांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठून राहते. १९५०च्या दशकात लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजच्या अभ्यासकांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉइच, राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या पाषाणातली ही दिशा मोजली. हा लाव्हा वाहिला त्या काळी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, याचा पुरावा त्या मोजण्यांतून मिळाला. भूशास्त्रज्ञ ज्या थरांना ‘वाई उपगट’ म्हणतात, त्यांतल्या खालच्या थरांत ही दिशा आजच्या उलट आहे. महाबळेश्वरच्या थरांत वर चढत गेलो की ती सुलटी होते.

मात्र प्रत्येक कण ही नोंद सारखीच जपत नाही. मोठा कण ती लवकर सोडून देतो. अतिशय बारीक कणात ती खोलीतल्या उष्णतेनेच पुसली जाते. मधल्या एका मापाचे कण ती कोट्यवधी वर्षे सांभाळतात. रासायनिक सूत्र तिन्हींचे एक असू शकते. मिश्र-धातू नॅनोस्फटिकांबद्दल मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे: या मापाच्या पदार्थांत केवळ सूत्राने पदार्थाची ओळख पटत नाही. तो कसा तयार झाला, किती तापला, किती वेगाने थंड झाला, हा सगळा इतिहास त्याच्या गुणधर्मांत उतरतो. म्हणून ‘निर्मिती’चे प्रकरण आटोपते घेऊन ‘अभ्यासा’कडे वळणारा प्रबंध मला अर्धा वाटतो.

धातूंशी या भागाचे नाते नवे नाही. महाबळेश्वरच्या परिसरात जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड होते. आणि विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, त्यांना लागून साताऱ्यातला माण-खटाव, या अवर्षणाच्या पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. दूरच्या राज्यांतल्या सराफ बाजारात दुकानाच्या मागच्या खोलीत मूस, भट्टी आणि तेजाब घेऊन बसलेल्या माणसाला विचारले तर तो अनेकदा खानापूर तालुक्यातला निघतो. त्याच्या कामातले रसायनशास्त्र पक्के आहे. अशुद्ध सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून वितळवायची, मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून काढायची, सोने मागे राहते. आणि द्रावणातली चांदी तांब्याचा पत्रा घालून परत खाली बसवायची. सोन्यात आधी चांदी वाढवायची ती नंतर दोन्ही वेगळे करता यावेत म्हणून. चांदीचे प्रमाण कमी पडले तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

आज त्याच तालुक्यांतल्या मुली-मुलगे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत धातूंची नायट्रेटेच हाताळतात, फक्त काम उलट दिशेचे असते. द्रावणात एकत्र आलेले धातू बाहेर पडताना वेगळे होऊ द्यायचे नाहीत. निकेल, झिंक आणि लोह यांचे अणू अखेरपर्यंत एकमेकांच्या शेजारी राहून एकाच स्फटिकात बसले पाहिजेत. धातूंचा स्वभाव पाहता हे वाटते तितके सोपे नाही.

इथे एक खुलासा हवा. मिश्रधातू म्हटले की पितळ, कासे, पोलाद डोळ्यांपुढे येते. या पुस्तकातले पदार्थ तसे नाहीत. इथे धातू ऑक्सिजनशी बांधलेले आहेत आणि बहुतेक ठिकाणी रचना स्पिनेल या कुळातली आहे. लोहावर आधारलेल्या स्पिनेलांना फेराइट म्हणतात. आपल्या भागातले या विषयातले बरेच काम फेराइटांवर झाले आहे, म्हणून मीही त्यांच्याच आधाराने बोलेन.

स्पिनेलची रचना १९१५ मध्ये इंग्लंडात ब्रॅग आणि जपानमध्ये निशिकावा यांनी स्वतंत्रपणे उलगडली. एका घनाकार एकक पेशीत ऑक्सिजनचे ३२ अणू असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळ्यांत धातू बसतात. चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या पोकळ्या ६४, त्यांपैकी ८ भरतात. सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या ३२, त्यांपैकी १६ भरतात. प्रयोगशाळेच्या बोलीत पहिली ‘ए साइट’, दुसरी ‘बी साइट’. कोणता धातू कुठे बसतो, यावर पुढचे जवळजवळ सारे अवलंबून आहे. झिंकला ए साइट आवडते. निकेल बी साइटवर जातो आणि मग लोहाचे निम्मे अणू ए साइटवर ढकलले जातात. या उलट्या मांडणीची कल्पना बार्थ आणि पोस्नजॅक यांनी १९३२ मध्ये मांडली.

चुंबकत्वाचा हिशोब लुई नेएल यांनी १९४८ मध्ये लावून दिला, ज्या कामासाठी त्यांना १९७० चे नोबेल मिळाले. ए साइटवरचे चुंबक एका दिशेला, बी साइटवरचे विरुद्ध दिशेला. हाती उरते ती वजाबाकी. लोहाच्या एका आयनाचे चुंबकीय बळ ५ बोर मॅग्नेटॉन, निकेलचे २, झिंकचे शून्य. शुद्ध निकेल फेराइटमध्ये दोन्ही बाजूंचे लोह एकमेकांना खोडून काढते आणि निकेलचे २ उरतात. आता त्यात झिंक घाला. झिंक स्वतः अचुंबकीय, तेव्हा बळ घटायला हवे असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते वाढते. झिंक ए साइटवर बसतो, तिथल्या लोहाला बी साइटवर पाठवतो, आणि वजाबाकीतली लहान संख्या आणखी लहान होते. निकेलच्या जागी ४० टक्के झिंक असेल तर कागदावर हिशोब ५.२ वर जातो. झिंक निम्म्याच्या आसपास पोचले की मात्र ए साइटवरची पकड इतकी ढिली होते की बी साइटवरचे चुंबक एकमेकांशी कोन करून उभे राहतात आणि बळ पुन्हा उतरते. याफेट आणि किटेल यांनी १९५२ मध्ये हे समजावून दिले. अचुंबकीय धातू मिसळून चुंबकत्व वाढवण्याचा हा हिशोब पहिल्यांदा फळ्यावर पाहिला तेव्हा झालेला आनंद मला आजही तितकाच ताजा वाटतो. या एका उदाहरणासाठीसुद्धा हा विषय शिकावा.

हे सगळे मोठ्या, चांगल्या तापवलेल्या, निवांत थंड झालेल्या स्फटिकांचे नियम. कण नॅनोमीटरच्या मापात आला की ते डळमळतात. झिंक फेराइट घ्या. मोठ्या स्फटिकात झिंक निष्ठेने ए साइटवर, लोह बी साइटवर, आणि खोलीच्या तापमानाला चुंबकाला दाद नाही. त्यातली चुंबकीय मांडणी सुरू व्हायला सुमारे उणे २६३ अंश सेल्सिअसपर्यंत खाली जावे लागते. तोच झिंक फेराइट कमी तापमानाला, झटपट, १० नॅनोमीटरच्या मापात तयार करा. चूर्ण टेबलावरच चुंबकाकडे सरकेल. काही झिंक बी साइटवर अडकलेला असतो आणि तितके लोह ए साइटवर. आयनांना आपापल्या जागी जायला वेळ आणि उष्णता मिळालेली नसते. हेच चूर्ण वरच्या तापमानाला पुरेसा काळ तापवले तर ते हळूहळू आपला चुंबकपणा सोडून देते. घटक अणू तेच, प्रमाण तेच, बाटलीवरची चिठ्ठी तीच.

पृष्ठभागाचा वाटाही लक्षात घ्यायला हवा. १० नॅनोमीटर बाजूचा एक घन कल्पून त्याच्या बाहेरच्या एकाच एकक पेशीचा थर मोजला, तर त्यात सुमारे ४२ टक्के पदार्थ येतो. एक मायक्रोमीटरच्या घनात हाच वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. १० नॅनोमीटरच्या फेराइट कणांचे एक ग्रॅम चूर्ण घेतले तर सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग ११५ चौरस मीटर भरतो, म्हणजे चिमटीत मावणाऱ्या चूर्णात गुंठाभराहून जास्त जमीन. वायू ओळखणारे संवेदक, उत्प्रेरक, पाण्यातला रंग शोषणारी चूर्णे यांत या पदार्थांचे नाव घेतले जाते ते या पृष्ठभागामुळे. आणि चुंबकीय मोजणीत आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो तोही यामुळेच, कारण पृष्ठभागावरच्या आयनांचे काही शेजारी गायब असतात आणि त्यांचे चुंबक सरळ रांगेत राहत नाहीत.

आता निर्मिती. जुनी पद्धत सिरॅमिक. धातूंची ऑक्साइडे तोलून अ‍ॅगेटच्या खलात तासन्‌तास घोटायची, दाबून टिकल्या करायच्या, ११०० ते १३०० अंशांना भाजायच्या, पुन्हा घोटायच्या. १९३० मध्ये टोकियोत कातो आणि ताकेई यांनी फेराइटांवरचे काम केले, त्यातून १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी उभी राहिली. पुढे फिलिप्समध्ये स्नूक यांनी फेराइटांना रेडिओ आणि दूरसंचाराच्या कामी आणले. मध्यम लहरींवर आकाशवाणीचे सांगली केंद्र लावणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये जी काळी कांडी असते, ती फेराइटची. आज मोबाइलच्या चार्जरमधल्या इवल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभाही फेराइटचाच. पण भट्टीत इतके भाजल्यावर कण मोठे होतात. नॅनो हवे असेल तर द्रावणातून यावे लागते.

सहअवक्षेपणात धातूंची क्षारद्रावणे एकत्र करून त्यात कॉस्टिक सोडा ओततात आणि सगळे धातू हायड्रॉक्साइडरूपाने एकदम खाली बसावेत अशी अपेक्षा ठेवतात. धातू मात्र एकदम बसायला तयार नसतात. फेरिक लोह आम्लधर्मी द्रावणातच, सामू २-३ च्या आसपास बसू लागते. निकेल आणि कोबाल्ट सामू ७ ओलांडल्यावर. झिंक बसतो, पण अल्कली जास्त झाली की पुन्हा विरघळतो. सोड्याऐवजी अमोनिया वापरला तर तांबे आणि निकेल अमोनियाशी हातमिळवणी करून द्रावणातच राहतात. गाळलेल्या पाण्याला निळसर झाक दिसली की समजावे, चूर्णातून काहीतरी निसटले. सोडा थेंबथेंब धातूंच्या द्रावणात टाकला तर धातू पाळीपाळीने बसतात. धातूंचे द्रावण सोड्यात ओतले तर जवळजवळ एकत्र बसतात. कोणते कशात ओतले, हे निम्म्या प्रबंधांत लिहिलेले नसते. धुण्याचेही तसेच. सोडियम निघून जाईपर्यंत साका किती वेळा धुतला, शेवटच्या पाण्याचा सामू किती होता, ही ओळ मी आवर्जून शोधतो.

आपल्या भागात सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे सोल-जेल स्वयंज्वलन. तिला फार साधनसामग्री लागत नाही: हॉटप्लेट, मॅग्नेटिक स्टरर, बीकर, सामू मोजायचे साधन आणि शेवटी एक मफल भट्टी. निकेल नायट्रेटचे हिरवे स्फटिक, कोबाल्टचे गुलाबी, तांब्याचे निळे, लोहाचे फिकट जांभळे, पाण्यात पडताच पिवळट तपकिरी होणारे. त्यात सायट्रिक आम्ल, मग अमोनिया घालून सामू ७, मग ८० अंशांच्या आसपास ढवळत राहायचे. पाणी उडते, द्रावण मधासारखे दाट होते, जेल तयार होते. ते कोरडे करून सुमारे २०० अंशांपर्यंत नेले की आतून पेटते. काही क्षणांत ठिणगी सगळ्या वस्तुमानातून फिरून जाते आणि बीकरभर हलकी, फुललेली, तपकिरी-काळी राख उरते. तोच आपला फेराइट. ज्वलनाच्या या मार्गाला भारतीय प्रयोगशाळेचा मोठा हातभार आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्जले आणि के. सी. पाटील यांनी १९८८ मध्ये अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून काही मिनिटांत अ‍ॅल्युमिना मिळवला, आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली.

ही पद्धत सोपी दिसते, म्हणून तिच्यातले कच्चे दुवे झाकले जातात. नायट्रेट हा ऑक्सिडीकारक, सायट्रिक आम्ल हे इंधन. दोघांचा हिशोब अग्निबाणाच्या इंधनशास्त्रातून घेतलेला आहे. द्विसंयुजी धातूच्या नायट्रेटचे १० उणे, फेरिक नायट्रेटचे १५ उणे, सायट्रिक आम्लाचे १८ अधिक. एका मोल फेराइटसाठी एक द्विसंयुजी आणि दोन फेरिक मिळून ४० उणे, म्हणजे नायट्रेटातलाच सगळा ऑक्सिजन वापरायचा तर २.२२ मोल सायट्रिक आम्ल. बहुतेक ठिकाणी ‘एकास एक’ किंवा ‘एकास तीन’ असे गुणोत्तर परंपरेने वापरले जाते. ते धातूंशी की नायट्रेटशी, हे सांगितलेले नसते. इंधन कमी-जास्त झाले की ज्वाळेचे तापमान बदलते, ज्वाळेबरोबर कणाचे माप बदलते, मापाबरोबर आयनांच्या जागा. त्यात भर म्हणून कोणत्या बीकरमध्ये किती जेल पेटवले यानेही फरक पडतो, कारण लहान ढीग लवकर निवतो. (जळताना नायट्रोजनचे तांबूस विषारी वायू निघतात, हे काम फ्यूम हूडखालीच व्हावे. ज्या प्रयोगशाळेत हूड बंद पडलेला आहे तिथे तो दुरुस्त होईपर्यंत हे काम थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.)

आणि पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पडतो, आटपाडी-जत पट्ट्यात ५०० च्या आसपास. धातूंची ही नायट्रेटे हवेतले पाणी ओढून घेणारी आहेत. फेरिक नायट्रेटच्या सूत्रात पाण्याचे ९ रेणू धरून आपण वजन करतो. पण साताऱ्यातल्या ऑगस्टमध्ये महिनाभर उघडझाक झालेल्या बाटलीत ९ च आहेत याची खात्री कोण देणार? झिंक नायट्रेट तर पाघळून ओलेच होते. तोललेल्या ग्रॅममध्ये धातू कमी आणि पाणी जास्त. जूनमधला नमुना आणि जानेवारीतला नमुना एकाच कृतीने केलेले असूनही जुळले नाहीत, तर आधी बाटलीकडे पाहावे. उपाय साधा आहे: क्षाराचे द्रावण करून त्यातल्या धातूचे प्रमाण अनुमापनाने ठरवायचे आणि मग द्रावण आकारमानाने मोजून घ्यायचे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकवलेली ही गोष्ट पीएच.डी.ला आल्यावर विसरली जाते.

आता मोजणीकडे. राखेचे चूर्ण क्ष-किरण विवर्तनाला दिले की आलेख येतो, ३५.५ अंशांच्या आसपासचे सर्वांत उंच शिखर, ३० आणि ६२.५ जवळची दुसरी. शिखर जितके रुंद, तितके स्फटिक लहान. शेरर यांचे हे सूत्र १९१८ चे. तांब्याचे नेहमीचे क्ष-किरण, ३५.४ अंशांवरचे शिखर, रुंदी अर्धा अंश, तर माप सुमारे १७ नॅनोमीटर येते. रुंदी एक अंश असेल तर सुमारे ८. पण शिखराला रुंदी यंत्रामुळेही येते आणि स्फटिकातल्या ताणामुळेही. यंत्राची रुंदी वजा न करता काढलेले माप खरे नव्हे. ताण वेगळा काढायचा तर १९५३ ची विल्यमसन-हॉल पद्धत आहे. शिवाय हे माप स्फटिकाचे, कणाचे नव्हे; एका कणात अनेक स्फटिक एकत्र चिकटलेले असू शकतात आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच दिसते.

याहून गंभीर मुद्दा वेगळा आहे आणि त्यावर मला थोडे थांबायचे आहे. ‘विवर्तनात दुसरी कोणतीही शिखरे दिसत नाहीत, म्हणून नमुना एकप्रावस्थी आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असते. निकेल फेराइटच्या पेशीची बाजू ८.३४ अँगस्ट्रॉम, झिंक फेराइटची ८.४४. दोन्ही अणुपातळीवर मिसळून निम्मे-निम्मे असलेला एक पदार्थ झाला तर बाजू ८.३९ च्या आसपास यायला हवी. आणि समजा मिसळलेच नाहीत, दोन फेराइटांचे वेगवेगळे कण शेजारी पडून आहेत, तर? दोघांची मुख्य शिखरे फक्त ०.४४ अंशाने दूर असतात. कण ८ नॅनोमीटरचे असतील तर प्रत्येक शिखराची रुंदीच एक अंश. दोन शिखरे मिळून एकच उंचवटा दिसेल, त्याचा मध्य ३५.४५ जवळ येईल आणि हिशोब ८.३९ दाखवेल. न मिसळलेला नमुना मिसळल्याचा आभास निर्माण करील. ६२-६३ अंशांजवळच्या शिखरांत हे अंतर जवळजवळ दुप्पट होते, म्हणून तिथे नीट पाहावे. थोडा नमुना ८०० अंशांना तापवून शिखरे अरुंद झाल्यावर पुन्हा पाहावा, अर्थात तापवल्याने पदार्थही बदलतो हे ध्यानात ठेवून. लोहाचे शेजारी कोण आहेत हे मॉसबाउअर वर्णपट सांगतो. यांपैकी एखादी तरी कसोटी लावल्याशिवाय ‘मिश्र’ हा दावा करू नये.

अवरक्त वर्णपटातले ६०० आणि ४०० प्रति सेंटिमीटरजवळचे दोन पट्टे, वॉल्ड्रन यांनी १९५५ मध्ये ए आणि बी साइटशी जोडलेले, हे स्पिनेल तयार झाल्याची खूण म्हणून ठीक आहेत. त्यांवर पानेच्या पाने लिहिण्यात अर्थ नाही. विद्युत्‌रोधाचे मोजमाप मात्र आपल्याकडे दुर्लक्षित झाले आहे. मॅग्नेटाइटमध्ये फेरस आणि फेरिक लोह बी साइटवर शेजारी असतात आणि इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उडी घेतो, म्हणून तो चांगला वाहक आहे. निकेल-झिंक फेराइट याच कुळातला असूनही त्याचा रोध मॅग्नेटाइटच्या अब्जावधी पट असू शकतो. भाजताना ऑक्सिजन कमी पडून थोडे जरी फेरस लोह तयार झाले तरी रोध कोसळतो. महागडे यंत्र नसताना, चांदीचा लेप लावलेली एक टिकली, एक लहान भट्टी आणि साध्या जोडणीवर हे महाविद्यालयातच मोजता येते आणि नमुन्याच्या इतिहासाबद्दल पुष्कळ कळते.

महाविद्यालयांची परिस्थिती इथे सांगितली पाहिजे. सांगलीचे विलिंग्डन १९१९ चे, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे, कराडचे सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय १९५४ चे. १९१९ मध्ये काले इथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेने आणि तिच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातले मूल बीकरपर्यंत पोचवले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि सातारा, सांगली त्याच्या कक्षेत आले. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात फेराइटांची आणि पातळ थरांची परंपरा रुजली, आणि त्या परंपरेत तयार झालेले शिक्षक तालुक्याच्या गावी जाऊन संशोधन करू लागले. रासायनिक पद्धती स्वस्त आहेत हे त्यामागचे मोठे कारण. त्याचा मला अभिमान वाटतो. विषयाची निवड परिस्थितीने केली असली तरी काम मनापासून झालेले आहे.

पण बनवणे स्वस्त आणि मोजणे महाग, हा या विषयाचा पेच आहे. विवर्तनासाठी नमुना कोल्हापूरच्या सामाईक सुविधा केंद्रात जातो, मॉसबाउअरसाठी इंदूरला, इतर मोजण्यांसाठी मुंबईला. डबीत चूर्ण जाते आणि काही आठवड्यांनी ईमेलने आलेख येतो. विद्यार्थ्याने यंत्र पाहिलेले नसते. नमुना कसा पसरला, किती वेगाने मोजला, शून्य कुठे धरले, हे त्याला कळत नाही. माझी मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे: एसटीचे तिकीट काढून द्या, पण विद्यार्थ्याला एकदा तरी नमुन्याबरोबर पाठवा. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाशी तासभर बोलून जे कळते ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

दुसरी विनंती रिवाजाबद्दल. झिंकचे प्रमाण शून्य, ०.२, ०.४, ०.६, ०.८, १ असे सहा नमुने, प्रत्येक एकदाच केलेला, ही मांडणी इतकी रूढ झाली आहे की तिच्यावर प्रश्न विचारलाच जात नाही. एकच नमुना त्याच कृतीने पुन्हा पुन्हा केला तर माप आणि चुंबकन किती हलते, हे आधी ठाऊक हवे. ते हलणेच जर दोन शेजारच्या नमुन्यांमधल्या फरकाएवढे असेल, तर सहा बिंदूंमधून काढलेल्या वक्राला काय अर्थ? पहिले वर्ष या पुनरावृत्तीत गेले तर वाया गेले असे समजू नये. व्हायवाला परीक्षकांनीही हा प्रश्न विचारायला सुरुवात करावी.

उपयोगांच्या प्रकरणाबद्दल एक सावधानता. पाण्यातला रंग प्रकाशात नष्ट करण्याचे दावे आपल्या भागात खूप येतात. वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याचा प्रश्न नदीकाठच्या गावांना जवळचा आहे, त्यामुळे त्यामागची तळमळ खरी आहे. चूर्ण चुंबकाने परत गोळा करता येते, हा फेराइटचा खरा फायदा. मात्र चाचणीला नेहमी घेतला जाणारा मेथिलीन ब्लू हा रंग स्वतःच प्रकाश शोषतो आणि कणांच्या पृष्ठभागावर चिकटतोही. अंधारात किती रंग चिकटला आणि चूर्णाशिवाय नुसत्या प्रकाशात किती उडाला, हे दोन आकडे दिल्याशिवाय उरलेल्याचे श्रेय चूर्णाला देता येत नाही. वायुसंवेदकांबाबत ओलाव्याचा आकडा हवा. एलपीजी ओळखणारी टिकली सांगलीच्या मे महिन्यात आणि साताऱ्याच्या जुलैत सारखी वागेल असे गृहीत धरू नये.

हे पुस्तक मराठीत आहे ते पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. बी.एस्सी.च्या वर्गात बसलेल्या, अजून विषय न निवडलेल्या मुलीला आणि तिच्या कामाबद्दल विचारणाऱ्या गलाईवाल्या चुलत्यालाही ते वाचता यावे म्हणून. आयन, साइट, पीक, सॅम्पल हे शब्द प्रयोगशाळेत बोलतात तसेच ठेवले आहेत. गणित आहे, कारण ते टाळून हा विषय सांगता येत नाही. पण प्रत्येक सूत्राबरोबर एक सोडवलेले उदाहरण आहे, खऱ्या मापांचे. प्रत्येक कृतीपुढे वही कशी लिहायची याचा तक्ता आहे: बाटली कधी फोडली, त्या दिवशी हवा कशी होती, कशात काय ओतले, किती ग्रॅम जेल एका वेळी पेटवले, भट्टी कोणत्या वेगाने चढवली, नमुना भट्टीत निवला की बाहेर काढला. भट्टीला बारा तास अखंड वीज मिळाली की मध्ये गेली, याचाही रकाना आहे, आणि तो रिकामा सोडू नये.

विवर्तनाच्या प्रकरणावर वाचकांची उडी पडेल हे मला दिसते. आलेख हातात आलेला असतो आणि घाई असते. तरी पहिले प्रकरण तराजू आणि अनुमापनाचे ठेवले आहे, आणि ते वगळून दुसऱ्याकडे जाऊ नये.